पातेलं, डालगं आणि बिनतारी निरोप

माझ्या अभ्यासाचा विषय काय आहे, हे नातेवाइकांना समजावून सांगायचं मी फार लवकर सोडून दिलं. सुरुवातीला मोठ्या उत्साहानं सांगायचे. जिथं मोबाईलला रेंज नाही तिथं रस्त्यावरच्या गाड्यांनीच एकमेकींना निरोप द्यायचे. एका गाडीनं निरोप घ्यायचा, जपून ठेवायचा, पुढं न्यायचा, दुसरी भेटली की तिच्या हवाली करायचा. कोणता निरोप कोणत्या गाडीनं न्यावा हे ठरवणं म्हणजे राउटिंग, आणि तो किती वेळात, कितपत खात्रीनं पोचेल याचा गणितानं आधीच अंदाज बांधणं म्हणजे मॉडेल. हे सगळं ऐकून घेऊन माझ्या चुलत्यांनी विचारलं, "म्हंजी कंडक्टर करतो तेच ना?" मी तिथून उठून गेले. एम.ई.ला मी काही कंडक्टरकी शिकायला गेले नव्हते.

राहायला शहरातल्या उस्मानपुऱ्यात होते, एका घराच्या माडीवरच्या खोलीत. सोबतीला सिल्लोडची एक मैत्रीण होती, फार्मसीला. नळाला पाणी कधी यायचं ते घरमालकिणीलाच ठाऊक. ते आलं नाही की टँकर, आणि टँकरचा हॉर्न वाजला की आम्ही पुस्तकं टाकून जिन्यावरून धावायचो. त्या सालात पाऊस असा नव्हताच, त्याच्या आदल्या सालातही नव्हता. शहराला मात्र कशाचंच काही वाटत नव्हतं. बायपासच्या पलीकडं रोज नवीन प्लॉटिंगचे बोर्ड लागत होते, चौकाचौकात उड्डाणपुलाचे खांब उभे राहत होते. प्यायला पाणी नसलेल्या जमिनीवर स्विमिंग पूलवाल्या इमारतींची चित्रं टांगलेली. माझ्या सिम्युलेशनसाठी, म्हणजे संगणकातच गाड्या पळवून बघण्यासाठी, मी शहराच्या रस्त्यांचा नकाशा संगणकात भरला होता. तो भरून होईपर्यंत निम्मे रस्ते वळवलेले होते.

आम्ही मूळचे मेंढरंवाले. गाव कन्नडच्या अलीकडं, मोठ्या रस्त्यापासून थोडं आत. जिथून गावाकडं वळायचं त्या फाट्यावर एक लिंब, एक चहाची टपरी आणि सिमेंटची एक टाकी. उन्हाळ्यात टँकर त्या टाकीत पाणी ओतायचा. दुष्काळात चारा संपला की आमच्यातली माणसं मेंढरं घेऊन गंगथडीला, म्हणजे गोदावरीच्या काठानं, खाली उतरतात. त्या साली मामाच्या जोडीला आई गेली, कारण आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, पाय मोडला होता. रस्ता रुंद करायला टाकलेल्या खडीवरून मोटारसायकल घसरली आणि आबा पायाला प्लास्टर बांधून घरी बसले.

आईचे गुडघे त्याआधीच सुजायला लागले होते. डॉक्टरनं चालणं कमी करा म्हणून सांगितलं होतं. मेंढरांमागं फिरणाऱ्या बाईला चालणं कमी करा म्हणणं म्हणजे गंमतच. पण शहराबाहेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजनं मला शब्द दिला होता, की जूनच्या आधी पदवी हातात आली तर शिकवायला घेऊ. नाही आली तर जागा दुसऱ्याला. मी मनाशी सरळ ठरवून टाकलं होतं. ही नोकरी लागली, घरात दरमहा पगार आला, की आईनं मेंढरांमागं चालायचं बंद. हे मी कोणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण रात्रंदिवस डोक्यात तेवढंच होतं.

आई घरी नाही म्हटल्यावर माझा डबा आबा करायला लागले. आमच्या भागातली शहरात शिकणारी पोरं कशी जेवतात, ते सकाळी बसस्टँडवर उभं राहिलं की कळतं. खेड्यातून एसटी येते, ड्रायव्हरच्या शेजारी, गिअरच्या आजूबाजूला कापडी पिशव्यांचा ढीग असतो. पिशवीवर शाईनं नाव. पोरं खिडकीखाली गर्दी करतात, कंडक्टर नावं पुकारतो, डबे खाली येतात. दुपारच्या गाडीनं रिकामे डबे परत. कशाची पावती नाही, काही नाही. घरी चूल पेटली, की पोरगं शहरात जेवतं.

आबांनी त्याआधी आयुष्यात चूल पेटवली असेल ती फक्त बिडीसाठी. त्यांची पहिली भाकरी मैत्रिणीनं टेबलाच्या कडेवर आपटून मोडली. "तुझ्या वडिलांना विचार, ही खायची का दाराला लावायची?" म्हणाली. फोनवर मी आबांना म्हटलं, "पीठ जरा मळत जावा हो." ते म्हणाले, "मळतोय की! हात दुखायलेत माझे. तुझी आय कशी करती देव जाणं." पण आबा जिद्दीचे. पंधरवड्यात भाकरी वाकायला लागली, महिन्यात पापुद्रा सुटायला लागला. एकदा तर ठेच्यात शेंगदाणे निघाले, तेव्हा आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या.

इकडं कॉलेजात माझं गाडं अडलं होतं. सिम्युलेशनमध्ये माझ्या गाड्या झकास पळायच्या आणि निरोप धडाधड पोचायचे. माझे मार्गदर्शक सर स्वभावानं मिश्किल. माझे आलेख बघून म्हणाले, "छान. तुझ्या गाड्या चहा प्यायला थांबत नाहीत, पंक्चर होत नाहीत, वाटेत मोर्चा लागत नाही. कुठल्या देशात आहेत या?" मग गंभीर होऊन म्हणाले, "बाहेरचे परीक्षक येणार आहेत. खऱ्या रस्त्यावरचं मोजमाप नसेल तर ते परत पाठवतील. मग पुढचं सत्र." पुढचं सत्र म्हणजे नोकरी गेली. मी त्यांच्या केबिनमधून बाहेर आले तेव्हा मला आईचे गुडघे दिसत होते.

तेव्हा मला गावची गाडी सुचली. ती मुक्कामी गाडी होती. रात्री आमच्या पुढच्या गावाला थांबायची, सकाळी फाट्यावरून डबे घेत शहरात यायची, दुपारी परत. तीच गाडी, तोच कंडक्टर. मी दोन छोटी यंत्रं जुळवली, साबणाच्या वडीएवढी. एक फाट्यावरच्या टाकीवर बसवलं. त्याची तार पाण्यात सोडलेली, ती पाण्याची पातळी मोजायची आणि हे यंत्र ती नोंद धरून ठेवायचं. दुसरं यंत्र पिशवीत घालून डब्यांच्या ढिगात. गाडी फाट्यावर थांबली की टाकीवरच्या यंत्रानं बिनतारी लहरींवरून सगळ्या नोंदी गाडीतल्या यंत्राला द्यायच्या, आणि सकाळी स्टँडवर ते यंत्र माझ्या हातात; दुपारी रिकाम्या डब्यासोबत ते परत गाडीत. एसटीच्या डेपोत रीतसर विचारून आले. साहेब म्हणाले, डब्याएवढंच असेल तर हरकत नाही. कंडक्टरनं पिशवी हातात घेऊन जोखली आणि विचारलं, "ह्याच्यात कालवण नाय ना? मागं एकाचं सांडलं, दिवसभर गाडीला लसणाचा वास."

टाकीवरचं यंत्र आबांच्या हवाली केलं. पाय मोडल्यापासून ते लिंबाखालीच बाज टाकून बसायचे. त्यांना मी दोनदा बजावलं, "आबा, हे कॉलेजचं आहे. याला काही होता कामा नये."

"तू काळजी करू नको, बाई. डोळ्यात तेल घालून बघतो."

पहिल्या दिवशी यंत्र आलं, उघडलं, नोंद एकही नाही. दुसऱ्या दिवशीही कोरं. तिसऱ्या दिवशी मी स्टँडवरच लॅपटॉप उघडून बसले. शेजारी एक पोरगा डबा उघडून तिथंच जेवत होता, त्यानं विचारलं, "ताई, काय सापडत नाय?" मी त्याच्याकडं असं बघितलं, की तो डबा घेऊन दुसऱ्या बाकावर गेला. खोलीत आणून तपासलं तर दोन्ही यंत्रं, म्हणजे हातातलं आणि टाकीवरच्यासारखंच एक जास्तीचं करून खोलीत ठेवलेलं, एकमेकांशी व्यवस्थित बोलत होती. प्रोग्राम ओळ न् ओळ वाचला. मॉडेल सांगत होतं की गाडी फाट्यावर थोडा वेळ जरी थांबली तरी बऱ्याच नोंदी यायला हव्यात. मग मला वाटलं गाडी थांबतच नसेल, आबा नुसते हात दाखवून डबा फेकत असतील.

आबांना फोन लावला. "यंत्र ठीक आहे ना?"

"एकदम बेस हाय. ऊन नाय, धूळ नाय, पाखराची घाण नाय. चांगलं झाकून ठिवलंय."

झाकून ठेवलंय म्हणाले तेव्हा मी पुढं विचारायला हवं होतं, कशानं? पण माझं डोकं गणितात होतं. परीक्षक पुढच्या आठवड्यात येणार होते. सरांना तोंड कसं दाखवायचं या विचारानं मी जेवलेही नाही. शेवटी शनिवारी दुपारच्या गाडीत स्वतःच बसले.

गाडी फाट्याला पोचली. मी उतरून पाहते तर टाकीच्या कठड्यावर, उन्हात झगझगत, आमच्या घरातलं सगळ्यात मोठं स्टीलचं पातेलं पालथं घातलेलं. लग्नकार्यालाच फळीवरून खाली येणारं ते पातेलं. वर दगड, कडेनं ओल्या मातीचं लिंपण. खाली माझं यंत्र. स्टीलच्या पातेल्यातून लहर बाहेर पडत नाही, हे शिकायला एम.ई. लागत नाही, पण आबांना ते कोणी सांगितलं होतं?

"आबा! हे काय केलंत?"

"काय झालं?"

"पातेलं कशाला घातलं? याचा आवाज बाहेर जाईना झाला!"

आबा गोंधळले. "त्याला आवाज बी असतो व्हय? मी कान लावून बघितलं, काय बी येत नव्हतं." मग जरा दुखावल्या सुरात म्हणाले, "आधी डालगं घालणार होतो. पर म्हनलं, कॉलेजचं यंत्र. त्याला कोंबड्याचं डालगं कसं घालावं? चांगलं पातेलं काढलं."

डालगं म्हणजे बांबूची मोठी टोपली. कोंबड्या आणि कोवळी कोकरं उन्हापासून, कुत्र्यांपासून वाचवायला आमच्यात ती पालथी घालतात. सावली पडते, वारा खेळतो आणि बिनतारी लहरी सुद्धा मजेत आरपार जातात. आबांच्या हाताशी योग्य वस्तू होती, आणि माझ्या कॉलेजच्या मानासाठी त्यांनी ती बाजूला ठेवून घरातली सगळ्यात भारी वस्तू आणली होती. मला एवढा राग आला होता, आणि एवढं हसू येत होतं, की मी टाकीला टेकून उभी राहिले आणि दोन्ही एकदम करायला लागले. आबाही हसायला लागले, कारण मी हसते म्हणजे फार बिघडलं नसावं. टपरीवाला बाहेर येऊन बघायला लागला.

पातेलं उचलून डालगं घातलं. रविवारी सकाळी मी फाट्यावरच थांबले, घड्याळ घेऊन. गाडी आली. डबा घरून निघाला होता पण पोचला नव्हता. त्या दिवशी भाकऱ्या चुलतीनं केल्या होत्या आणि तिचं पोरगं सायकलवर घेऊन येत होतं. कंडक्टरनं घंटी वाजवलीच नाही. खाली उतरून आबांशी पाय कसा आहे याच्या गप्पा मारत बसला. गाडीतल्या माणसांनी कटकट केली तर म्हणाला, "अवो, डबा येऊ द्या की. पोरीनं काय उपाशी ऱ्हायचं व्हय?" उपाशी राहणारी पोरगी त्याच्या शेजारीच उभी होती, हे त्याच्या लक्षात आलं नाही. सायकल आली, पिशवी चढली, मग घंटी.

गाडीतल्या यंत्रात सगळ्या नोंदी आल्या होत्या. गाडी सुरू व्हायच्या आधीच येऊन झाल्या होत्या. मी सीटवर बसून त्या नोंदींकडं बघत होते आणि डोक्यात मॉडेल हलायला लागलं होतं. माझ्या सिम्युलेशनमध्ये प्रत्येक थांब्यावर गाडी सारखीच थांबायची. इथं ती डब्यासाठी थांबत होती. ज्या फाट्यावर डबे जास्त, तिथं भेट लांब. भेट लांब तर मोठा निरोपही एका दमात पोचतो. म्हणजे निरोप कोणत्या थांब्यावर गोळा करून ठेवावेत हे डब्यांवरून ठरवता येईल. पुढचे चार-पाच दिवस मी त्या वाटेवरच्या सगळ्या थांब्यांची थांबण्याची वेळ मोजली, ती मॉडेलमध्ये बसवली, आणि माझा अंदाज व खरं मोजमाप एकमेकांच्या अंगावर बसायला लागले. पाण्याच्या पातळीचा आलेख मात्र वेगळीच करमणूक होता. टँकर ओतला की रेघ वर, आणि बायका पोचल्या की रेघ सरळ कड्यावरून खाली.

परीक्षक आले. उंच, कोरडे, चष्म्यावरून बघणारे. त्यांनी माझा तो आलेख बोटानं दाबून धरला. "या एका थांब्यावर गाडी इतकी का थांबते?"

"डबे यायचे असतात सर."

"याला कुठल्या पुस्तकात आधार?"

"पुस्तकात नाही. मोजलेलं आहे."

"आणि सगळीकडं डब्यासाठी थांबणारे कंडक्टर असतील असं तुम्ही धरून चालणार?"

हा प्रश्न चांगला होता, आणि मी त्याची वाटच बघत होते. डब्यांसाठी थांबणाऱ्या वाटा आणि न थांबणाऱ्या वाटा, दोन्हींचं गणित वेगवेगळं करून ठेवलं होतं. ते पुढं सरकवलं. त्यांनी बराच वेळ पानं उलटली. सर खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांचा पाय टेबलाखाली हलत होता. शेवटी परीक्षक म्हणाले, "ठीक आहे." कोरड्या माणसांचं ठीक आहे फार गोड लागतं. निकालाचा कागद निघाला, मी तो नोकरीच्या कॉलेजात नेऊन दाखवला, आणि त्यांनी जूनपासून या म्हणून सांगितलं.

आता आईला कळवायचं होतं. मामाचा फोन बंद. मेंढरांचा तळ आज या शिवारात तर उद्या त्या. चार्जिंग करायला टपरीवर कोणी गेलं तरच फोन लागणार. बिनतारी निरोपांची नवी कोरी पदवीधारक मी, आणि स्वतःच्या आईपर्यंत निरोप पोचवायची सोय नाही. मग स्टँडवर गेले, पैठणकडच्या फलाटावर. तिकडं जाणाऱ्या एका कंडक्टरला सांगितलं, गंगेकडच्या फाट्यावर मेंढरंवाले पीठमीठ घ्यायला येतात, त्यांच्याकडं निरोप द्या: लेकीला नोकरी लागली, आता आईनं चालू नये, घरी यावं. तो म्हणाला, "देतो की." सवयीनं मी खोलीवर येऊन गणित मांडलं, किती हातांतून जाईल, किती दिवस लागतील. उत्तर काही बरं आलं नाही.

त्यानंतर फार दिवस गेले नव्हते. मी सकाळी डब्यासाठी स्टँडवर उभी होते. कन्नडची गाडी यायला वेळ होता. पैठणकडून एक गाडी लागली आणि पोरांचा घोळका तिकडं सरकला. डबे उतरले, माणसं उतरली, आणि सगळ्यांत शेवटी, दांड्याला धरून, एक पायरी, मग थांबून दुसरी पायरी, अशी आई उतरली. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. मला बघून म्हणाली, "तू तर कॉलेजची सगळ्यात मोठी साहेबीन झालीस म्हनं?"

निरोप पोचता पोचता वाढला होता. "नाही गं, नुसती मास्तरीण."

"मास्तरीण बी चांगलंच की." मग माझ्या तोंडाकडं बघत राहिली. "त्या मेंढरवाल्यानं सांगितलं, लेक म्हनती आता चालायचं नाय. खरं का?"

"खरं. आता नाही चालायचं."

"मेंढरं तुझ्या मामाच्या हवाली केली. म्हनलं, इचारून येते." तिला अजून माझ्या शब्दावर भरवसा ठेवावा की नाही ते ठरत नव्हतं. "पुढल्या साली बी नाय?"

"पुढल्या साली पण नाही. कधीच नाही." स्टँडवर, सगळ्या पोरांसमोर, मी तिचा हात धरून उभी राहिले.

"बरं," एवढंच म्हणाली.

रिक्षा करून खोलीवर आणली. जिना चढताना तिला तीनदा थांबावं लागलं. मैत्रिणीनं आपली गादी अंथरून दिली. आई म्हणाली, जरा टेकते, मग तुमची भांडीकुंडी बघते. पाय लांब केले, गुडघ्यांवरून लुगडं सारखं केलं, आणि बोलता बोलता झोपली. उजेडात झोपलेली आई मी तोपर्यंत कधी बघितली नव्हती. ती दुपार उलटली तरी उठली नाही. तिच्या मुठीतली काठी मी हळूच सोडवून भिंतीला लावली, तरी जागी झाली नाही.

खाली टँकरचा हॉर्न वाजला, बायकांचा गलका सुरू झाला. मी दोन्ही हातांत हंडे घेतले, ते एकमेकांवर वाजू नयेत म्हणून अंगाशी धरले, आणि अनवाणीच जिना उतरले.